ताईंचा मॅमोग्राम, चिप आणि एक थेंब रक्त

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून) :

“माझ्या मोठ्या बहिणीला ४३ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. गाठ काढली, केमो झाली, रेडिएशन झालं. सगळं संपून आता दीड वर्ष होईल. उपचार चालू असताना एका अभ्यासासाठी तिचं रक्त घेतलं होतं. छोट्याशा चिपमधून रक्त सोडून त्यातल्या कॅन्सरच्या पेशी वेगळ्या काढतात, असं तेव्हा सांगितलं. आम्ही रिपोर्ट मागितला तर ‘अभ्यासाचे रिपोर्ट देत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. रक्त ताईचं आणि रिपोर्ट ताईलाच नाही, हे कुठलं शास्त्र? आता पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय. त्यात ताई म्हणते, अशा चिपा निघाल्यावर दरवर्षी मॅमोग्राम कशाला? यंदाचा ती टाळतेय. शेवटचं माझ्याबद्दल. मी ३९ वर्षांची आहे. बोटातून काढलेल्या एका थेंबात अनेक कॅन्सर ओळखणाऱ्या चाचणीची जाहिरात पाहिल्यापासून चैन नाही. करून घ्यावी का? लवकर कळलेलं बरंच ना?
— ताईची धाकटी”

प्रिय धाकटी,

तुमच्या पत्रात प्रश्न तीन-चार आहेत, पण घाईचा एकच, आणि तो तुम्ही मधेच कुठेतरी जाताजाता लिहिलाय. म्हणून तिथूनच सुरुवात करते. ताईंनी मॅमोग्राम चुकवू नये. यंदाचा यंदाच.

गाठ काढली म्हणताय, म्हणजे स्तन राखलाय असं मी धरून चालते. राखलेल्या स्तनात रोग परत डोकं वर काढू शकतो. दुसऱ्या स्तनात पहिल्याशी काही संबंध नसलेला नवाच कर्करोगही होऊ शकतो. या दोन्ही गोष्टी हाताला लागायच्या आधी दिसण्याची शक्यता मॅमोग्राममध्ये असते. रक्तात मात्र अशा लहान, जागच्या जागी असलेल्या गाठीचा मागमूस बहुतेक वेळा लागत नाही. जर्मनीत ‘सक्सेस’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि केमो सुरू व्हायच्या असलेल्या २,०२६ स्त्रियांचं रक्त त्यात तपासलं. प्रत्येकीचं सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे चांगलं भरपूर. कर्करोगाच्या पेशी सापडल्या २१.५ टक्के जणींत. ज्यांच्यात सापडल्या त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण ज्यांच्या रक्तात एकही पेशी सापडली नाही त्यांच्यातल्याही काहींचा रोग परतला. त्यामुळे उद्या ताईंच्या हातात ‘शून्य पेशी’ असा कागद पडला, तरी त्या जोरावर मॅमोग्राम रद्द करता येणार नाही.

उपचारानंतरच्या देखरेखीबद्दल अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीचा सल्ला अगदी साधा आहे: डॉक्टरांकडून ठरावीक काळानं तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम. काही त्रास नसताना रक्तातले मार्कर (कर्करोगाची खूण मानली जाणारी द्रव्यं) किंवा सगळ्या अंगाचे स्कॅन करत बसू नका, असंही तो सांगतो. नवी गाठ, दिवसेंदिवस न थांबणारं हाडाचं दुखणं, धाप, हटून बसलेली डोकेदुखी यातलं काही झालं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं.

एक शंका बोलून दाखवते, रागावू नका. ताईंना चिपचं फार पटलंय म्हणून त्या मॅमोग्राम टाळतायत, असं मला वाटत नाही. चिप हे निमित्त असावं. ज्या यंत्रानं एकदा वाईट बातमी दिली त्याच्यापुढे परत जाऊन उभं राहायचं आणि मग रिपोर्टची वाट बघायची, हे सोपं नाही. उपचार संपलेल्या अनेकजणी तपासणीच्या आधीचे आठ-पंधरा दिवस नीट झोपत नाहीत. तेव्हा त्यांच्याशी विज्ञानावरून वाद घालू नका. तारीख तुम्ही घ्या, सोबत जा, आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल का हे आधी विचारून ठेवा. वाट बघण्याचे दिवस कमी झाले की निम्मा विरोध मावळतो.

आता तुमच्या रागाकडे येते. रिपोर्ट का देत नाहीत हे कळायला चिपमध्ये काय होतं ते थोडं बघावं लागेल.

रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी ही काही नवी गोष्ट नाही. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरानं कर्करोगानं मरण पावलेल्या एका माणसाच्या रक्तात, त्याच्या गाठींमधल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली होती. पाहणं जमलं होतं. गाळून, मोजून काढणं जमत नव्हतं, कारण प्रमाणच तसं आहे. एक मिलिलिटर रक्तात लाल पेशी जवळजवळ ५०० कोटी आणि पांढऱ्या ४० लाख ते १ कोटी. त्यात रोग पसरलेल्या रुग्णाच्याही कर्करोगपेशी बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, कधी तेवढ्याही नाहीत.

मायक्रोफ्लुइडिक चिप इथे कामाला येते. पारदर्शक सिलिकॉनचा किंवा प्लास्टिकचा तळहातात मावणारा तुकडा, आणि त्यात दहा-वीस ते काहीशे मायक्रोमीटर रुंदीचे मार्ग. इतक्या अरुंद जागेत द्रव शिस्तीत वाहतो. त्यात भोवरे उठत नाहीत, आणि दोन प्रवाह शेजारीशेजारी सोडले तर लगेच एकमेकांत न मिसळता आपापल्या बाजूनं जात राहतात. त्यामुळे कुठल्या आकाराची पेशी कुठल्या रेषेनं जाईल याचा हिशेब आधी मांडता येतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटानं अशी एक चिप दाखवली. तिच्यात ७८,००० सूक्ष्म खांब होते आणि प्रत्येक खांबावर ‘एपकॅम’ या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं लावलेली होती. बऱ्याच कर्करोगांच्या पेशींवर हे प्रथिन असतं, रक्तातल्या नेहमीच्या पेशींवर नसतं. रक्त हळूहळू खांबांमधून जातं, लाल-पांढऱ्या पेशी पुढे निघून जातात, हव्या त्या पेशी खांबाला धरून राहतात. कल्पना देखणी आहे यात वाद नाही.

मग अडचण आली. पसरायला निघालेली कर्करोगपेशी पुष्कळदा रूप बदलते आणि अंगावरचं एपकॅम कमी करते. म्हणजे जी सर्वांत धोक्याची, तीच निसटायची. म्हणून मग काहींनी आकार आणि लवचिकपणावर भर दिला: कर्करोगपेशी सहसा मोठी आणि कमी दबणारी, तेव्हा फट इतकी अरुंद ठेवायची की बाकीच्या वाकून निघून जातील. पण मोठ्या पांढऱ्या पेशी आणि लहान कर्करोगपेशी यांचे आकार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तिथेही काही निसटतात आणि काही नको त्या अडकतात. मॅसॅच्युसेट्सच्याच गटानं २०१३ मध्ये उलटी वाट धरली. रक्तातल्या ओळखीच्या पेशी चुंबकानं बाजूला काढायच्या आणि जे उरेल त्यात शोधायचं.

हे सगळं छापलेल्या आकृतीत स्वच्छ दिसतं. प्रयोगशाळेच्या टेबलावर तसं नसतं. नळी येईपर्यंत काही तास गेले की पेशी मरायला लागतात. नळी नीट उलटीसुलटी केलेली नसेल तर रक्ताची बारीक गुठळी होते, आणि ती चिपच्या तोंडाशीच बसते. सुई-नळीतून हवेचा एक बुडबुडा आत शिरला की तिथला प्रवाह बाजूनं वळतो आणि त्या नमुन्याचा हिशेब बिघडतो. यातून सुखरूप पार पडलं की अडकलेल्या पेशींना रंग द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. केंद्रकाला निळी चमक हवी, केरॅटिन या त्वचा आणि अस्तरांच्या पेशींतल्या प्रथिनाच्या रंगाला प्रतिसाद हवा, पांढऱ्या पेशीची खूण असलेला सीडी-४५ नको. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ती कर्करोगपेशी. पण अर्धवट उजळलेली, फाटक्या कडेची, दोन्ही रंग फिके असलेली एखादी येतेच. एक तंत्रज्ञ ती मोजतो, दुसरा सोडतो. एकूण सापडल्यात दोन, आणि त्यातली एक अशी. काय लिहायचं रिपोर्टात?

अभ्यासात नेमकं हेच ठरवायचं चाललेलं असतं: दोन जणांची मोजणी जुळते का, सकाळच्या आणि दुपारच्या नळीत फरक पडतो का, किती पेशींच्या पुढे काळजी करायची. ही रेष आखली जाईपर्यंत ताईंच्या आकड्याला अर्थच नाही. शिवाय अशा नमुन्यांवर बहुतेक वेळा नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. मोजणाऱ्याला ती नळी कोणाची हे कळू नये, अशीच व्यवस्था केलेली असते.

आणि समजा आकड्याला अर्थ असला, तरी पुढे काय करायचं हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००४ मध्ये ‘सेलसर्च’ या यंत्राला मान्यता दिली. ते चिप नव्हे, चुंबकी कणांवर चालतं. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात ५ किंवा जास्त पेशी असतील तर पुढची वाटचाल बिकट, हे त्यातून चांगलं कळतं. मग साहजिकच विचार आला, की पहिल्या केमोनंतर पेशी कमी झाल्या नाहीत तर औषध लगेच बदलून पाहू. तसा अभ्यास झाला, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. औषध लगेच बदललेल्या स्त्रिया जास्त जगल्या नाहीत. इतका पक्का, मान्यताप्राप्त आकडा हातात असूनही. ताईंना अभ्यासातल्या चिपचा कच्चा आकडा दिला असता तर त्यांनी त्याचं काय केलं असतं? रात्री जागवल्या असत्या, दुसरं काय.

पण ‘देत नाही’ एवढं म्हणून तुम्हाला परत पाठवणं मला अजिबात पटलेलं नाही. संमतीपत्रावर सही घेताना हे सगळं समजावून सांगायला हवं होतं, आणि सांगितलं असेल तर केमोच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात राहतं? त्या संमतीपत्राची प्रत मागा; ती मिळायलाच हवी. वैयक्तिक निकाल देणार की नाही, अचानक काही महत्त्वाचं आढळलं तर कळवणार का, उरलेल्या रक्ताचं काय करणार, याची उत्तरं त्यात असायला हवीत. नसली तर अभ्यासाच्या मुख्य संशोधकांना विचारा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर नैतिकता समिती त्यासाठीच असते. अभ्यास संपल्यावर एकूण निष्कर्ष कळवा, अशी मागणीही करा. ती रास्त आहे, आणि ती फार कमी लोक करतात.

आता तुमचा थेंब.

बोटातून पिळून काढलेला मोठा थेंब म्हणजे ५० मायक्रोलिटर धरू. वर सांगितलेली सेलसर्चची रेष आठवा, साडेसात मिलिलिटरमध्ये ५ पेशी. रोग शरीरभर पसरलाय, परिस्थिती गंभीर आहे, अशा रुग्णाची ही गोष्ट. त्याच प्रमाणात थेंब काढत गेलं तर १०० थेंबांपैकी साधारण ३ थेंबांत एखादी पेशी मिळेल. उरलेल्या ९७ थेंबांत नाही. चिप कितीही हुशार असो, थेंबात नसलेली पेशी ती कुठून आणणार? शितावरून भाताची परीक्षा होते ती भात शिजला की नाही याची. भातात खडा आहे का, हे एका शितावरून सांगता येत नाही. साखर, हिमोग्लोबिन या गोष्टी रक्तात सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात, म्हणून त्या थेंबात मोजता येतात. सुरुवातीच्या कर्करोगाच्या खुणा तशा नसतात.

जाहिरातवाले म्हणतील, आम्ही पेशी शोधतच नाही, डीएनए शोधतो. बरं. पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात, तसे गाठीचेही सांडतात. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, डीएनएचे साधारण दोन-तीन हजार संपूर्ण संच भरतील इतकेच तुकडे असतात. गाठ लहान असताना त्यातला तिचा वाटा हजारात एक किंवा त्याहूनही कमी असू शकतो. म्हणजे अख्ख्या मिलिलिटरमध्ये दोन-तीन प्रती, आणि थेंबातल्या प्लाझ्मात बहुतेकदा एकही नाही. म्हणूनच या क्षेत्रातल्या ज्या चाचण्या खरोखर बाजारात आल्या आहेत त्या दंडातून नळ्या भरून रक्त घेतात. एक्सोसोमचं, म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुड्यांचं, दुखणं उलटं आहे. त्या पुष्कळ असतात, लघवीत आणि लाळेतही असतात, पण त्यातल्या कर्करोगाच्या कुठल्या आणि साध्यासुध्या पेशींच्या कुठल्या हे सांगणं महाकठीण.

थेंबाच्या मोहात मोठमोठे फसलेत. २००३ मध्ये सुरू झालेली थेरानोस ही अमेरिकी कंपनी बोटातल्या थेंबावर शेकडो चाचण्या करण्याच्या गोष्टी सांगत होती. २०१५ मध्ये पत्रकारांनी तिचं बिंग फोडलं आणि जानेवारी २०२२ मध्ये संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. तुम्ही पाहिलेली जाहिरात तशीच असेल असं मी म्हणत नाही. पण हिशेब तोच लावा.

बातम्यांमधल्या ‘९० टक्के अचूक’चंही सांगते, कारण आतली गोष्ट क्वचितच बाहेर येते. नवी चिप तयार झाली की पहिली चाचणी अशी असते: निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशी मोजून टाकायच्या आणि चिप त्यातल्या किती परत पकडते ते बघायचं. शंभर टाकल्या, नव्वद सापडल्या. स्तनकर्करोगाच्या कामात यासाठी एमसीएफ-७ ही पेशींची जात फार वापरली जाते. त्या पेशी चांगल्या मोठ्या, एपकॅमनं भरलेल्या, पकडायला सोप्या. चिपची नळजोडणी ठीक आहे एवढं यातून कळतं. खऱ्या माणसाचा लहानसा कर्करोग ती ओळखेल की नाही, याचा त्या नव्वदाशी संबंध नाही. पुढची पायरी बहुधा अशी, की रोग पसरलेले रुग्ण एकीकडे, तरुण धडधाकट स्वयंसेवक दुसरीकडे, आणि चिप दोघांत फरक करते का ते बघायचं. तुम्ही त्या दोन्ही गटांत बसत नाही.

तुमच्यासारख्या, कुठलंही लक्षण नसलेल्या माणसांत हिशेब कसा फिरतो ते बघा. समजा एक चाचणी १०० रुग्णांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांना बरोबर ‘ठीक’ म्हणते. ऐकायला उत्तम. ती १०,००० जणांची केली आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर कर्करोग आहे असं धरलं, तर ४५ सापडतील. पण उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी जवळजवळ ५०० जणांनाही ती ‘आहे’ म्हणेल. म्हणजे घाबरून गेलेल्या बारा जणांत रोग असलेला एक. बाकीच्या अकरा जणांचे स्कॅन, सुया, कदाचित शस्त्रक्रिया, आणि कशाचंच समाधान नाही, कारण ‘काहीच सापडलं नाही’ म्हणजे नाहीच, की कुठेतरी लपलंय?

याहून कितीतरी कसोशीनं बनवलेल्या चाचणीची खरी गोष्ट सांगते. ‘गॅलरी’ ही अनेक कर्करोगांसाठीची रक्तचाचणी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती ५० वर्षांवरच्या ६,६२१ लोकांची केली. ९२ जणांत धोक्याचा इशारा आला. नीट तपासल्यावर कर्करोग निघाला ३५ जणांना. ५७ जणांचा इशारा खोटा ठरला. प्रमाण वाईट नाही, उलट या क्षेत्रात चांगलंच म्हणावं लागेल. पण त्याच चाचणीच्या आधीच्या एका अभ्यासात पहिल्या टप्प्यातले कर्करोग तिला फक्त १६.८ टक्के ओळखता आले होते आणि चौथ्या टप्प्यातले ९०.१ टक्के. लवकर कळावं म्हणून जी करायची, ती उशिरा चांगली ओळखते.

‘लवकर कळलेलं बरंच ना?’ असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा, हो. नेहमीच नाही, आणि याची सर्वांत बोलकी गोष्ट लघवीच्या एका साध्या चाचणीची आहे. जपाननं १९८० च्या दशकात देशभरातल्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग त्यातल्या काही रसायनांवरून ओळखता येतो. चाचणी सोपी, सुई नाही, पालक खूश. भरपूर गाठी सापडू लागल्या, बाळांवर शस्त्रक्रिया आणि केमो होऊ लागल्या. पण थोड्या मोठ्या मुलांत येणारे, जीव घेणारे न्यूरोब्लास्टोमा काही कमी होईनात. हळूहळू ध्यानात आलं की तान्ह्या बाळांतल्या यातल्या बऱ्याच गाठी आपोआप विरघळून जाणाऱ्या होत्या. तपासलं नसतं तर त्या कधी कळल्याही नसत्या. जर्मनी आणि कॅनडातल्या क्वेबेकमधल्या अभ्यासांनी २००२ मध्ये मृत्यू कमी होत नसल्याचं दाखवलं आणि २००३ मध्ये जपाननं ही मोहीम थांबवायचं ठरवलं. न विरघळणारी गाठ कुठली आणि विरघळणारी कुठली, हे त्या लघवीला सांगता येत नव्हतं. आजच्या चिपांनाही तो प्रश्न सुटलेला नाही.

हे वाचून चिप म्हणजे नुसता फुगवटा असं मनात घेऊ नका. रक्तातल्या पेशी आकारानुसार पकडणाऱ्या ‘पारसॉर्टिक्स’ या यंत्राला एफडीएनं २०२२ मध्ये परवानगी दिली. ती कशासाठी, तर पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांतल्या पेशी पुढच्या तपासासाठी गोळा करायला. निरोगी माणसात कर्करोग हुडकायला नाही. रक्तातल्या डीएनएतला एखादा ठरावीक बदल शोधायचा असेल तर सूक्ष्म नळ्यांतून नमुन्याचे सुमारे २०,००० थेंब पाडून प्रत्येकात वेगळी तपासणी करणारं ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर आता रोजच्या वापरातलं झालंय. तीही मायक्रोफ्लुइडिक्सचीच करामत. फुप्फुसाभोवती किंवा पोटात साठलेलं पाणी, मणक्यातला द्रव अशा ठिकाणी तर चिपला मला जास्त आशा वाटते. तिथे रक्तासारखी ५०० कोटींची गर्दी नसते, आणि शंका आधीच निर्माण झालेली असते. ज्याचा कर्करोग माहीत आहे त्याच्यावर लक्ष ठेवणं, औषध लागू पडेल का ते बघणं, ही या तंत्राची आजची जागा.

तेव्हा थेंबाची चाचणी करू नका. पण तुमची काळजी हवेतली नाही. सख्ख्या बहिणीला स्तनकर्करोग झाला की आपला धोका साधारण दुप्पट होतो, आणि ताईंचं वय ४३ होतं, म्हणजे तरुणच. तुमच्यासाठी खरंच उपयोगी रक्तचाचणी आहे, फक्त ती आधी ताईंची व्हायला हवी. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत वारशानं आलेला दोष आहे का, हे रक्तातून किंवा लाळेतूनही कळतं. ती कर्करोग शोधत नाही; तो होण्याचा कल घराण्यात आहे का ते सांगते. ज्यांना रोग झाला त्यांच्यापासून सुरुवात करायची, कारण त्यांच्यात दोष सापडला तरच तो तुमच्यात शोधण्यात नेमकेपणा येतो. ताईंमध्ये सापडला तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. मग मॅमोग्रामबरोबर एमआरआय, देखरेख लवकर सुरू करणं, आणि आणखीही पर्याय खुले होतात. सापडला नाही तरी बहिणीचा इतिहास राहतोच, तेव्हा मॅमोग्राम कधीपासून आणि किती अंतरानं, हे डॉक्टरांशी आत्ताच बोला, चाळिशीची वाट बघू नका. कदाचित ताईंची ही जनुकीय तपासणी आधीच झालेली असेल; इतक्या लहान वयात रोग झाला की ती अनेकदा सुचवतात. फाइल काढून बघा. आई, मावश्या, आत्या, आज्या, आणि वडिलांकडच्या बायकाही, कोणाला कुठल्या वयात कुठला कर्करोग झाला, हे एका कागदावर लिहून न्या. पुरुषांतला प्रोस्टेट किंवा स्वादुपिंडाचा कर्करोगही त्यात लिहा. तोही या हिशेबात येतो, आणि तो सांगायचा नेमका राहून जातो.

राहिलं ताईंचं पुन्हा रक्त देणं. द्यायचं की नाही हे सर्वस्वी त्यांनी ठरवायचं. नाही म्हटलं तर उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये, आणि अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं. द्यायचं ठरलं तर मॅमोग्रामच्या दिवशीच द्या, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील आणि नेहमीच्या तपासण्यांचं रक्तही त्याच सुईतून निघेल. काखेतल्या लसीकाग्रंथी (काखेतल्या गाठी म्हणतात त्या) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातातून शक्यतो नको, असं बरेच डॉक्टर सांगतात. ते रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा. आणि चिपची नळी पहिली भरू देऊ नका. सुई कातडीतून जाताना तिथल्या पेशी पहिल्या नळीत उतरतात, त्यांच्यातही केरॅटिन असतं आणि मोजणीत त्या फसवतात. पहिली नळी साध्या तपासण्यांची, चिपची त्यानंतरची.